पाच शिक्क्यांचा विमा

मी आयुष्यात एकाच माणसावर जळलो. दुसऱ्या कुणावर जळायला त्याने मला सवडच दिली नाही.

हा माणूस म्हणजे माझा साडू जनार्दन, राहणार करंजाडे. पनवेलच्या एका रिटायर बेलिफाला तीन मुली. थोरली कमळ मला दिली, मधली जनार्दनाला, आणि धाकटी शेवंती तेव्हा लग्नाची होती. माझ्या लग्नात बेंजो होता, म्हणून याच्या लग्नात बँड आला. मी सायकल घेतली, याने फटफटी घेतली. मी मनगटी घड्याळ घेतलं, तर याने रेडिओ घेतला आणि वर मला विचारलं, "दादा, तुमचं घड्याळ बातम्या देतं का हो?" सगळे हसले. कमळही हसली! (पदर तोंडाला लावून, पण हसली.) त्या दिवशी मी सासरी तिसऱ्यांदा भात घेतला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी नेरूळला मिठागरावर मुकादम होतो. आज तिथे इमारतीला लिफ्ट आहे; तेव्हा भाताची खाचरं, मिठाच्या राशी आणि भरती आली की अंगणात डोकावणारी खाडी एवढंच होतं. बाबा माझे जुने तांडेल. चाळीस वर्षं मिठाचा मचवा खाडीतून मुंबईला नेला. जमिनीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

आणि एके दिवशी आमच्या अंगणात हॉर्न वाजला. बघतो तर जनार्दन! जीपमध्ये! मिलिटरीच्या लिलावातली, हिरवीगार, चकचकीत. बाजूला मेहुणी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"सहज आलो," जनार्दन म्हणाला.

करंजाड्याहून नेरूळला तेव्हा कुणी सहज येत नसे. वाटेत दोन नाले आणि गुडघाभर चिखल होता. कमळ जीपमध्ये बसली, गादी दाबून बघितली आणि म्हणाली, "अगंबाई, किती मऊ!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमच्या घरात एवढ्या कौतुकाने ती फक्त ताज्या चिंबोऱ्यांकडे बघायची.

महिन्याभरात मीही जीप आणली. कुर्ल्याच्या डिस्पोजलमध्ये उरलेली शेवटची. रंग म्हणाल तर निम्मा गेलेला, पण चालायची. आता प्रश्न असा, की याच्याकडे जीप आणि माझ्याकडेही जीप, म्हणजे बरोबरी झाली. आणि बरोबरीवर माझं समाधान नव्हतं. पनवेलचा एक मिस्त्री गाठला आणि सांगितलं, "ही अशी करा, की तशी दुसरी नसली पाहिजे."

तशी दुसरी अजून झालेली नाही. मिठागरातल्या चिखलात रुतू नये म्हणून मागे ट्रॅक्टरची चाकं लावली. पाण्यात धूर कोंडू नये म्हणून धुराचा पाइप टपाच्या वर नेला. पुढे रुळाच्या लोखंडाचा बंपर ठोकला. लाँचचा भोंगा बसवला. मागच्या सीट काढून मिठाच्या गोणींना फळ्या मारल्या, आणि फळ्या बसेनात म्हणून हँडब्रेकचा दांडा कापून टाकला. मागची चाकं मोठी नि पुढची लहान, त्यामुळे जीप उभी असली तरी पुढे वाकलेली असायची. सपाट जमिनीवरसुद्धा तिला उतार लागायचा!

"हँडब्रेक नाय तर उभी कशी रेल?" कमळने विचारलं. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणून मी भोंगा पुसायला घेतला. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

उत्तर बाबांनी दिलं. ते मचव्याचा दोर घेऊन आले, एक टोक जीपच्या कड्याला बांधलं, दुसरं अंगणातल्या खुंट्याला. "मचव्याला कुटं असतो ब्रेक?" ते म्हणाले. "चाळीस वर्सं बांदून ठेवला, एकदा गेला नाय." आणि चाकाखाली एक दगड सरकवला. झालं! पुढे वर्षभर आमची जीप रोज संध्याकाळी अशीच बांधली जायची. शेजारी गाय, मग जीप.

एवढ्यात शेवंतीचं लग्न ठरलं. मुलगा खाडीकाठच्या पावणे गावचा. दुपारी पनवेलला लग्न, आणि लगेच नवरी पावण्याला रवाना. तिला कोण नेणार? दोन जावई, दोन जीपगाड्या! मी नि जनार्दन सासऱ्यांसमोर मांडी घालून बसलो. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो.

मामांची सगळी नोकरी समन्स बजावण्यात गेलेली. माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, देवाच्याही असेल असं वाटत नाही. फक्त शिक्का मारलेल्या कागदावर होता. ते म्हणाले, "माझी शेवटची पोर आहे. ज्याच्या गाडीच्या विम्याचा कागद जास्त पक्का, त्याच्या गाडीत बसेल."

जनार्दनाने खिशात हात घातला आणि कागद काढला! हा माणूस विमा खिशात घेऊन हिंडत होता!

"फुल विमा आहे मामा. आग, चोरी, अपघात, सगळं. दोन शिक्के."

मामांनी शिक्क्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"माझा याच्याहून मोठा येतोय," मी म्हणालो. "वाटेत आहे."

वाटेत काहीच नव्हतं. जीप घेताना विकणाऱ्यानेच कसलातरी कागद काढून दिला होता, त्याचीही मुदत संपलेली. आता मात्र मी पेटलो. विमा काढायचा तर नीट पारखून काढायचा, चार ठिकाणी विचारून! माझी पारख एकाच गोष्टीची होती: जनार्दनाच्या विम्यापेक्षा मोठा कोणाचा?

पहिले आले ठाण्याचे गुप्ते. हातात छत्री, खिशाला दोन पेनं. ओट्यावर बसून त्यांनी फॉर्म उघडला.

"गाडीत मूळच्यापेक्षा काही बदल केलेत?"

अहो, याचीच तर मी वाट बघत होतो! मला वाटलं, जितके बदल जास्त तितका विमा मोठा. मी चाकांपासून सुरुवात केली. पाइप सांगितला, भोंगा सांगितला, भोंगा वाजवून दाखवला. (गुप्ते ओट्यावरून खाली उतरले ते पुन्हा बसले नाहीत.) "आणि पुढच्या महिन्यात," मी म्हणालो, "दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं बांधणार आहे. म्हणजे भरतीत तरंगेल." तसा काही बेत नव्हता, बोलण्याच्या भरात सुचलं. गुप्त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे बघा, मागून हा ट्रॅक्टर आहे. फळ्यांमुळे मालगाडी होते. भोंगा लाँचचा आहे, आणि आता तुम्ही म्हणता तरंगणार. मी नक्की कशाचा विमा उतरवू?"

"यातलं सगळ्यात मोठं काय ते लिहा."

"आणि हँडब्रेक?"

"दोर हाय," बाबा गायीकडून ओरडले.

गुप्ते गेले. छत्री विसरून गेले आणि ती न्यायलाही आले नाहीत.

दुसरे आले मुंबईचे सावंत. हा माणूस हसरा आणि खाणारा होता. मी शहाणा झालो होतो. कमळला सांगून चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या आधी वाढल्या, जीप नंतर दाखवली. सावंतांनी जीपला एक फेरी घातली, दोर बघितला, खुंटा बघितला. मग बराच वेळ मिश्या पुसल्या.

"भाऊ, तुमचं मीठ खाल्लंय म्हणून खरं सांगतो. फुल विमा विसरा. या गाडीचं काही झालं तर माझी कंपनी एक आणा देणार नाही. फक्त कायद्याचा विमा मिळेल. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर ते आम्ही भरू."

"म्हणजे हप्ता मी भरायचा आणि भरपाई दुसऱ्याला?"

"बरोबर."

"असला कसला विमा! घेणार कोण?"

"सगळ्यांना घ्यावाच लागतो. सक्ती आहे."

माझं तोंड उतरलं. जनार्दन खिशातून कागद काढतोय आणि शेवंती त्याच्या मऊ गादीवर बसतेय असं डोळ्यांसमोर यायला लागलं. तेवढ्यात मला सुचलं. (मला असं सुचतं तेव्हा कमळ देवाला हात जोडते.)

"सावंतसाहेब, याला शिक्के किती?"

"एक."

"पानं?"

"दोन."

"पाच शिक्के मारा की. आणि ती माहितीची पत्रकं असतात ना कंपनीची, ती मागे जोडा."

"त्याने विमा वाढत नाही हो, भाऊ."

"कमळ, साहेबांना अजून एक चिंबोरी वाढ. डेंग्याची, मोठ्या नांगीची."

पाच शिक्के बसले. पत्रकं धरून अकरा पानं झाली. पुढच्या रविवारी मामांच्या पडवीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सगळं इंग्रजीत. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शिक्का मोजता यायचा. जनार्दनाला थोडंफार यायचं. तो माझा कागद उचलणार, एवढ्यात मामांनी त्याच्या हातावर चापटी मारली. "एकाने दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही! कचेरीचा नियम आहे!" मग त्यांनी दोन्ही कागद दोन हातांत धरून वजनाचा अंदाज घेतला, डोळे मिटून.

"हा भारी आहे," मामा म्हणाले. "शेवंती दामूच्या गाडीत बसेल."

दामू म्हणजे मी! मी जनार्दनाकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून मला जो आनंद झाला, तो सांगायला लाज वाटते, पण झाला. त्या दुपारी मी चार वेळा भात घेतला.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच पनवेलला पोचलो. जीपला झेंडूच्या माळा, पुढे आंब्याचे टहाळे, भोंग्याला रिबीन. मामांचं घर चढावर होतं. माझ्या मानाच्या जीपला वर, मांडवासमोर जागा. जनार्दनाची खाली, उताराच्या पायथ्याशी, कारण तिच्यात सासूबाई, रुखवत आणि तांब्याचा हंडा जाणार होता. मी मुद्दाम दोनदा खाली जाऊन विचारून आलो, "हंडा मावेल ना रे?"

"मावेल, दादा," तो दातओठ खात म्हणाला.

बाबांनी नेहमीप्रमाणे दोर काढला आणि जीप मांडवाशेजारच्या चिंचेला बांधली. पुढच्या चाकाखाली दगड ठेवला. दोर बराच सैल दिसत होता. जवळजवळ सगळाच जमिनीवर वेटोळं करून पडला होता. पण बाबांना काय शिकवायचं? आणि मी तेव्हा व्याह्यांना भोंगा दाखवत होतो.

लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. शेवंती रडत होती, सासूबाई रडत होत्या. मी स्टिअरिंगवर न बसता बाहेरच उभा होतो, कारण बाहेर उभं राहिलं की लोकांना मी दिसत होतो. नवरी गाडीत बसायच्या आधी चाकापुढे नारळ फोडायचा असतो. मामा नारळ घेऊन पुढे आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"अरे, फोडायला दगड कुठाय?"

सगळे दगड शोधायला लागले. मांडवासाठी आवार झाडून लख्ख केलेलं; औषधालासुद्धा दगड नव्हता. आणि मामांना तो दिसला. चाकाखालचा. चांगला हाताएवढा, काळाभोर.

"हा काय इथेच आहे की!"

मामांनी दगड ओढून काढला आणि त्याच्यावर नारळ हाणला. नारळाची दोन सारखी शकलं झाली. "शुभ आहे!" कुणीतरी ओरडलं. आणि जीप निघाली.

आधी अगदी हळू. लोकांना वाटलं मी आत आहे. मला वाटलं बाबा आत आहेत. बाबा माझ्या शेजारी खोबरं खात होते!

"बाबा! जीप!"

"दोर हाय," बाबा शांतपणे म्हणाले.

दोराचं वेटोळं एकेक करून सुटत होतं. मी धावलो, जनार्दन धावला, मामा हातात दगड घेऊन धावले. (तेव्हा त्यांना तो परत चाकाखाली घालायचा होता असं ते पुढे आयुष्यभर सांगत.) दोर चांगला होता, गाठ तांडेलाची होती. दोर ताणला गेला, चिंच हलली, जीप थांबली. पण कुठे थांबली? जनार्दनाच्या जीपमध्ये हातभर आत गेल्यावर! रुळाच्या बंपरने तिचं बॉनेट चेपलं, दोन्ही दिवे फुटले, रेडिएटरचं पाणी उतारावरून वाहायला लागलं. हंडा उडून शेजारच्या केळीत पडला. माझ्या जीपचा पुढचा आस मोडून दोन्ही चाकं दोन दिशांना झाली, पाइप आडवा झाला आणि लाँचचा भोंगा अडकला. भोंssss! तो काही केल्या थांबेना. सासूबाईंचं रडणं त्यात ऐकूच येईना, आणि शेवंती, कालपासून रडणारी शेवंती, पोट धरून हसायला लागली.

"बाबा!" मी ओरडलो. "एवढा सैल कशाला ठेवलात दोर?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांचाच मुलगा ना अशी त्यांना शंका आली असावी.

"भरतीला ढील नको?" ते म्हणाले. "आकडून बांदला तर भरतीत होडी आपटते. घरी खुंटा जवळ, खाली सपाट, तिथं चालून जातं. इथं नवी जागा, किती पानी चढतंय कोनाला ठाव!"

पनवेलच्या त्या आळीत पाणी चढायला प्रलयच यायला हवा होता. पण बाबांनी चाळीस वर्षं जिथे बांधलं तिथे ढील ठेवली होती, आणि ती ठेवली नसती तर जीप वीतभर सरकून थांबली असती.

आता नवरी जाणार कशात? बाबांच्या ओळखीचा एक मचवा बंदराला लागलेला होता, आणि दुपारची भरती होती.

"मचव्याचा कागद आहे का?" मामांनी विचारलं.

"कागद कशाला?" बाबा म्हणाले. "वारा हाय."

शेवंती मचव्यातून पावण्याला गेली, शीड लावून, हंड्यासकट. बंदरापासून मांडवापर्यंत सगळे म्हणत होते की अशी पाठवणी कधी बघितली नाही. भोंगा अजून वाजतच होता.

आठ दिवसांनी सावंत आले. दोन्ही जीपगाड्या बघून त्यांनी पंचनामा केला. माझ्या जीपसमोर त्यांनी टोपी काढली.

"भाऊ, सांगितलं होतं. हिचं काही मिळणार नाही."

"आणि त्याचं?"

"त्यांचं सगळं. तुमच्या गाडीने नुकसान केलं ना? मग तुमच्या विम्यातून. त्यांना स्वतःच्या विम्याला हातसुद्धा लावायला नको."

मी अकरा पानं पुन्हा पुन्हा चाळली. पाच शिक्के जागच्या जागी होते.

महिन्याभराने अंगणात हॉर्न वाजला. जनार्दन! जीप अशी चमकत होती, की आमची गाय तिच्यात तोंड बघायला गेली. नवं बॉनेट, नवे दिवे, आणि बॉनेटला रंग जुळेना म्हणून सगळ्या गाडीला नवा रंग! खाली उतरून त्याने मला पेढे दिले. दिले ते दिले, वर वाकून नमस्कार केला.

"दादा, खोटं नाही सांगत, मामांनी वजन केलं ते बरोबर होतं. तुमचा विमा माझ्यापेक्षा शंभरपट चांगला! गाडी नवी करून दिलीत!"

कमळ जीपमध्ये जाऊन बसली. "गादी पण बदलली वाटतं," ती म्हणाली. "आधीपेक्षा मऊ आहे." बदलली होती. हंड्याचं पाणी सांडलं होतं म्हणे तिच्यावर. तीही माझ्याच विम्यातून!

मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही. आमची जीप तिकडे खुंट्याला बांधलेली होती. बाबा अजून रोज संध्याकाळी दोर तपासायचे. तिच्या फळ्यांवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या.

वर्ष झालं, आणि सावंत पुन्हा आले. मुदत संपली होती, पण गाडीच चालत नाही म्हटल्यावर ते नुसते चिंबोऱ्यांच्या आशेने आले होते. जीपकडे बघून म्हणाले, "भाऊ, हिला आता कशाला हवाय विमा? जागची हलत नाही. मोडीत काढा."

"जनार्दनाने यंदा काढलाय?" मी विचारलं.

"काढलाय की, माझ्याकडूनच. फुल. कालच सही केली."

"शिक्के किती?"

"या वेळी त्यांनी मागून चार मारून घेतले."

मी आत बघून कमळला हाक मारली, "अगं, साहेबांना पान वाढ!" आणि मग ओट्यावर ऐसपैस बसत सावंतांना म्हटलं, "फॉर्म काढा. माझ्यावर सहा मारा."